काका, पावसाच्या वहीबद्दल आभार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, नाहीतर चहाचं आधण ठेवायला आत जाता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. मुंबईत पाऊस किती झाला हे आपण ज्या आकड्यावरून बोलतो, तो आकडा कोणीतरी भर पावसात उभं राहून वाचलेला असतो. तुम्ही हवामान खात्यात नोकरीभर तेच केलंत. तुमचं नाव कधी पेपरात आलं नाही. निदान तुमच्या कामाची गोष्ट चार लोकांपर्यंत जावी, असं मला मनापासून वाटतं.

मध्यंतरी भाचीने घरातल्या सगळ्या मोठ्यांना एकच प्रश्न विचारला, पुन्हा अठरा वर्षांचे झालात तर कोण व्हाल? माझी बहीण शिक्षिका म्हणाली, तिचे यजमान वैमानिक. मी म्हटलं, हवामान निरीक्षक. त्यांना वाटलं मला ऐन वेळी सुचलं. तसं नाही. हे उत्तर माझ्याजवळ कधीचं तयार होतं आणि ते तुमच्यामुळे होतं.

खरी अठरा वर्षांची होते तेव्हा असं काही काम असतं हेच मला माहीत नव्हतं. १९८२ साल. मी बारावी सायन्सला, वडील गिरणीत साचे खात्यात, आमची खोली लालबागला. १८ जानेवारीला संप सुरू झाला आणि घरात पगार यायचा थांबला. भौतिकशास्त्र मला फार आवडायचं, पण टायपिंग येणाऱ्या मुलीला नोकरी लवकर लागायची. फोर्टात एका विमा कचेरीत चिकटले, बी.कॉम. नोकरी सांभाळून केलं आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या नोकरीवर धाकट्या भावंडांची शिक्षणं झाली, माझं घर झालं. तिच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. फक्त भौतिकशास्त्राचं पुस्तक मिटलं ते मिटलंच.

ते पुन्हा उघडावंसं वाटलं २६ जुलै २००५ ला. त्या दुपारी फोर्टात पाऊस होता, पण जुलैत असतो तसाच. उपनगरातून फोन यायला लागले की कुर्ल्याला कमरेएवढं पाणी आहे, कलिन्याला पहिला मजला गाठायची वेळ आली आहे. आम्ही खिडकीतून बाहेर बघायचो आणि कोणाचा विश्वास बसायचा नाही. मग लोकल बंद झाल्या, फोनही लागेनासे झाले आणि रात्र कचेरीतच काढली. नंतर आकडे वाचले. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३.४. एकच शहर, एकच दिवस, मधलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. मिठी नदी, तुंबलेले नाले, प्लास्टिकच्या पिशव्या यांच्याबद्दल पुढे वर्षभर सगळे बोलत होते आणि ते बरोबरच होतं. मला मात्र एकच गोष्ट छळत राहिली. आभाळ असं का वागलं?

हा प्रश्न मी तुम्हाला कितीतरी वर्षांनी विचारला, आपल्या मुलुंडच्या सोसायटीच्या जिन्यात, हातात भाजीची पिशवी असताना. तुम्ही तिथेच कठड्याला टेकून सांगायला लागलात. समुद्रावरून येणारी ओलसर हवा, मागे सह्याद्री, वेगवेगळ्या दिशांनी येऊन भिडणारे वारे, आणि त्यातून उभे राहणारे उंचच उंच ढग. अशा ढगाची रुंदी अनेकदा काही किलोमीटरच असते. त्या दिवशी ते एकाच पट्ट्यावर पुन्हा पुन्हा तयार होत राहिले. कुलाबा त्या पट्ट्याच्या बाहेर होतं. ढगांचा पाऊस आणि त्यांतला वारा लांबून टिपणारं डॉप्लर रडारही मुंबईत तेव्हा नव्हतं. मग तुम्ही म्हणालात, "पण हे सगळं आपण बोलू शकतो, कारण दोन्ही ठिकाणी कोणीतरी माप वाचून लिहून ठेवलं. आणि हो, ९४४ चा आकडा वहीत २७ जुलैच्या रकान्यात आहे, २६ च्या नाही." पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि आदल्या साडेआठपासूनचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहायचा असतो, हे मला त्या जिन्यात कळलं. पिशवीतली मेथी सुकून गेली, पण इतक्या वर्षांत कोणी मला इतकं नीट, माझ्याशी शिकणाऱ्या माणसासारखं बोललं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही पर्जन्यमापक घेऊन दारात उभे होतात. तुमचा स्वतःचा, जपून ठेवलेला. सोबत काचेचं मोजपात्र आणि लांब रेघांची एक वही.

तुम्ही तो नुसता देऊन मोकळे झाला नाहीत, याचे आभार आधी मानते. जागा शोधायलाच आपण दोन सकाळी घालवल्या. मापकाची कड जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर हवी आणि भिंत किंवा झाड त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवं. सात मजली इमारतींच्या गर्दीत अशी जागा कुठून मिळणार? कंपाउंडमध्ये सगळीकडून भिंती, त्यामुळे शेवटी गच्ची. गच्चीवर वारा जास्त, म्हणून थेंब नरसाळ्याबाहेर उडून जातात आणि माप थोडं कमी भरतं. वहीच्या पहिल्याच पानावर तुम्ही मला ते लिहायला लावलंत, जागा गच्ची, वाऱ्यामुळे माप कमी येण्याची शक्यता. आकड्याआधी त्या आकड्याची मर्यादा. विमा कचेरीत मी आयुष्यभर आकडेच लिहिले, पण असं कोणी शिकवलं नव्हतं.

हिशेब मात्र मला लगेच आवडला. आपल्या नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंटीमीटर, म्हणून २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. आणि १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर पाणी. त्या हिशेबाने ९४४ मिलिमीटर म्हणजे माझ्या खिडकीएवढ्या जागेवर जवळजवळ हजार लिटर. हे कळल्यावर मला त्या दिवसाची भीती नव्याने वाटली.

सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही शिकवलीत ती ऑक्टोबरात. पाऊस संपला, मी वही कपाटात ठेवायला निघाले. तुम्ही म्हणालात, रोज वर जायचं आणि ०.० लिहायचं. पाऊस पडला नाही ही सुद्धा नोंद आहे. कोरा रकाना म्हणजे कोणी पाहिलंच नाही. शिडकावा झाला पण मोजण्याइतकं पाणी साठलं नाही, तर "ट्रेस" लिहायचं, शून्य नाही. गणपतीला गावी गेले आणि चार दिवसांचं पाणी एकत्र साठलं, तर ती बेरीज म्हणूनच लिहायची. चाराने भागून चार सुबक आकडे करायचे नाहीत. मला हे किती पटलं ते सांगता येत नाही. जे पाहिलं तेवढंच लिहायचं आणि जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही असं लिहायचं. सगळ्या कामांमध्ये मला हे काम का हवं होतं, ते मला त्या दिवशी समजलं.

कुलाब्याची गोष्टही तुमचीच. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने बांधलेली ती वेधशाळा. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्याही नोंदी होत. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला सूर्यावरच्या स्फोटामुळे प्रचंड चुंबकीय वादळ झालं आणि कुलाब्याच्या निरीक्षकांनी नेहमीप्रमाणे माप डोळ्यांनी वाचून लिहून ठेवलं. सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण (नॅनोटेस्ला हे चुंबकत्व मोजायचं एकक). ते काय होतं हे तेव्हा पुरतं कोणालाच समजलेलं नव्हतं. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा जोर किती होता ते काढायला घेतलं, तेव्हा मुंबईच्या याच नोंदी कामी आल्या. पुढे १८९६ मध्ये नानाभाई फ्रामजी मूस तिथले पहिले भारतीय संचालक झाले. विजेच्या ट्राम येणार आणि त्यांचा चुंबकीय उपकरणांना त्रास होणार, म्हणून १९०४ मध्ये त्या नोंदी अलिबागला हलवल्या. ट्राम नंतर आल्या, १९०७ ला. नोंदींमध्ये खंड पडू नये म्हणून एवढी आधीपासून काळजी! मी तीस-बत्तीस वर्षं त्याच बाजूला नोकरीला जात होते आणि कुलाबा म्हटलं की मला फक्त कॉजवे आठवायचा.

तर काका, पुन्हा अठरा वर्षांची झाले तर मी काय करीन हे आता नेमकं सांगते. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करीन. स्टाफ सिलेक्शनची वैज्ञानिक सहायकाची परीक्षा देईन, एकदा नाही झाली तर परत देईन. हर्णै, रत्नागिरी, डहाणू, महाबळेश्वर, म्हणतील तिथे बदली घेईन. पहाटे साडेपाचला फुगा सोडायची पाळी मागून घेईन. तुम्ही सांगायचात, हायड्रोजन भरलेला तो फुगा हातातून सुटला की खालचं यंत्र तापमान, आर्द्रता, वारा असं सगळं कळवत वर जातं आणि तीसेक किलोमीटरच्या आसपास फुगा फुटतो. जगभरात शेकडो ठिकाणी त्याच सुमाराला असे फुगे वर जात असतात. त्यांतला एक मुंबईचा, आणि तो कित्येक वर्षं तुमच्या हातून सुटत होता. या कामाचा मला हेवा वाटतो, अगदी खराखुरा.

मला शास्त्रज्ञ व्हायचं नाही का, असं तुम्ही एकदा विचारलंत आणि हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी या बाईंबद्दल सांगितलंत. केरळातल्या पीरमेडच्या, जन्म १९१८ चा. १९४८ मध्ये पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या. हवामानाची उपकरणं परदेशातून मागवायला लागू नयेत म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांची रेखाटनं प्रमाणित करून घेतली, ती इथे बनायला लागली. उपमहासंचालक होऊन १९७६ ला निवृत्त झाल्या. म्हणजे मी लालबागला पाटीवर बेरजा करत होते तेव्हा आपल्याच हवामान खात्यात एक बाई हे काम करत होती, आणि आमच्या शाळेत, चाळीत, कोणाच्याही तोंडून मी तिचं नाव ऐकलं नाही. याचं मला वाईट वाटतं. माझ्यापेक्षा त्या वेळच्या सगळ्या मुलींसाठी जास्त.

लोकलमध्ये अजूनही ऐकते, वेधशाळा पाऊस सांगते तेव्हा छत्री घरी ठेवावी. पूर्वी मीही हसायचे. आता बोलते. आता कुलाब्याला आणि अंधेरीच्या वेरावलीला रडार आहेत, अंदाज खूप सुधारला आहे. पण काही किलोमीटर रुंदीचा ढग मुलुंडवर फुटेल की भांडुपवर, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही आणि तसं सांगितल्याचा दावाही कोणी करत नाही. अंदाज जिल्ह्याचा असतो, आपण तो आपल्या गल्लीला लावतो. शेजारच्या बाईंना मी माझी वही दाखवते, एकाच दिवशी आपल्याकडे किती आणि सांताक्रूझला किती. आकडे समोर ठेवले की बोलणं बदलतं.

तुम्ही पुण्याला लेकीकडे राहायला गेलात त्यानंतर वही थांबलेली नाही. उधाणाच्या भरतीच्या वेळाही आता शेजारच्या रकान्यात लिहिते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, हा कोळ्यांचा हिशेब तुम्ही शिकवलात तो मुंबईला छान लागू पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती भर दुपारी असते. त्याच वेळी मुसळधार आला की हिंदमाता आणि किंग्ज सर्कलचं पाणी समुद्र घेत नाही, हे आता मी आकड्यांतून आधीच ओळखू लागले आहे. मोजपात्राच्या काचेला मात्र वरच्या बाजूला बारीक तडा गेला आहे. खुणांपर्यंत आलेला नाही, पण तसंच नवं कुठे मिळेल ते कळवा.

आणि एक काम आहे. तळमजल्यावरची मुलगी गेल्या पावसाळ्यापासून माझ्याबरोबर गच्चीवर येते. अकरावी सायन्सला आहे. मी आजारी होते तेव्हा सगळ्या नोंदी तिने घेतल्या आणि एका दिवशी उशीर झाला तर माप शेजारी "९.१० ला वाचले" असं न सांगता लिहून ठेवलं. तिच्या घरी सगळे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग म्हणताहेत. तिला हवामानशास्त्रात काय शिकता येतं, कुठे शिकता येतं, नोकरी कशी असते, रात्रपाळीत मुलींना कसं वाटतं, हे सगळं विचारायचं आहे. मला यातलं निम्मंही सांगता येणार नाही. तुमचा नंबर तिला दिला आहे. रविवारी सकाळी नोंद झाल्यावर, नऊच्या सुमाराला ती फोन करील. तुम्ही तिला घाईत उत्तरं देणार नाही याची मला खात्री आहे. तिचे बाबाही फोनजवळ बसणार आहेत, तेव्हा पगाराचं आणि बदल्यांचंही स्पष्ट सांगा.

ताईंना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुमची ऋणी,
चौथ्या मजल्यावरची