उराकामीच्या शेतकऱ्यांचीही आठवण ठेवूया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली काही वर्षे नाताळ आला की देशाच्या कुठल्या ना कुठल्या भागातून प्रार्थनासभा उधळल्याच्या, चर्चमध्ये मोडतोड झाल्याच्या बातम्या येतात. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात मग तोच विषय निघतो. वडीलधारे 'जपून राहा' म्हणतात, तरुण मुले चिडलेली असतात. भीती दोघांच्याही मनात असते. तिच्याविषयी मोकळेपणाने बोलावे आणि त्यासाठी जपानमधल्या उराकामी गावच्या शेतकऱ्यांची आठवण काढावी, म्हणून हे पत्र.

फेब्रुवारीत आम्ही वसईकर संत गोन्सालो गार्सिया यांचा सण साजरा करतो. वसईत जन्मलेले गोन्सालो आधी व्यापारी होते, पुढे फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि जपानी भाषा येत असल्याने दुभाषी म्हणून जपानला गेले. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्यांना 25 साथीदारांसह क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकले. त्याआधी त्यांच्यातल्या बहुतेकांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून, ऐन थंडीत क्योटोहून तिथवर चालवत नेले होते. त्यांच्यात 12 वर्षांचा लुईस इबाराकीही होता. हे प्रवचनात ऐकताना ऊर भरून येतो. पण घरी आल्यावर अनेकांच्या मनात येते की आपल्याच्याने हे व्हायचे नाही.

अशांसाठी पुढची हकिगत फार मोलाची आहे, आणि ती आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. 1614 मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरूंना हाकलले, लपून राहिलेल्यांना पकडून मारले. नागासाकी परिसरात दरवर्षी गावकऱ्यांना येशूच्या किंवा मारियामातेच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावत. नकार देणाऱ्याचा छळ ठरलेला. उराकामीसारख्या गावांतले कितीतरी शेतकरी प्रतिमेवर पाय देत, घरी येत आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मुलांना गावातलाच एक जण गुपचूप बाप्तिस्मा देई. बाळ घेतलेल्या कान्नोन या बौद्ध देवीच्या मूर्तीपुढे ते मारियामातेला हाक मारत. धर्मगुरू नाही, चर्च नाही, आणि अशा पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. सात पिढ्यांनंतर धर्मगुरू परत येतील, असे त्यांचे वाडवडील सांगून गेले होते.

बंदी कायम असतानाच 17 मार्च 1865 रोजी नागासाकीत परदेशी लोकांसाठी बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये उराकामीची काही माणसे आली. त्यांच्यातल्या एका बाईने फादर पेतिजाँ यांच्याजवळ जाऊन हळूच सांगितले, आमचे आणि तुमचे मन एकच आहे. मग विचारले, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? हे चर्च निशिझाकाच्या त्या 26 जणांच्या नावाने बांधलेले होते. म्हणजे आपल्या गोन्सालोंच्याही नावाने! हे पहिल्यांदा वाचले तेव्हा माझे डोळे भरून आले.

छळ तरीही थांबला नाही. पुढच्या काही वर्षांत उराकामीच्या 3 हजारांहून अधिक लोकांना हद्दपार केले, शेकडो दगावले. 1873 मध्ये बंदी उठली, तेव्हा उरलेले परतले. जिथे त्यांना प्रतिमा तुडवायला लावत, ती गावप्रमुखाची जागाच त्यांनी विकत घेतली आणि तिथे चर्च उभारले. 1945 च्या अणुबॉम्बने ते पाडले. त्यांनी पुन्हा बांधले.

ख्रिस्ती आशा म्हणतात ती मला इथे दिसते. प्रभू येशूला नाकारणारा त्यांचाच शिष्य पेत्र पुढे मंडळीचा आधार झाला. मग घाबरलेल्या माणसालाही प्रभूच्या दारी जागा आहे, हे आम्ही एकमेकांना का सांगत नाही?

चिडलेल्या तरुणांना मात्र मी ओडिशातल्या मनोहरपूरची आठवण देईन. जानेवारी 1999 मध्ये तिथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि फिलिप व टिमोथी ही त्यांची दोन मुले जीपमध्ये जिवंत जाळली गेली. स्टेन्स यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारीपाड्यात राहून कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. खटला थांबला नाही. मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. क्षमा करायची म्हणजे अन्याय गिळायचा, असे नाही. हल्ला झाला तर पोलिसांत तक्रार करावी, वकील द्यावा, संविधानाने दिलेला हक्क मागावा. शेजाऱ्याविषयी मनात विष मात्र साठवू नये.

यंदाच्या सणाच्या नोव्हेनात, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, एक संध्याकाळ उराकामीच्या त्या शेतकऱ्यांसाठी ठेवावी, अशी आमच्या फादरांना आणि इतर धर्मग्रामांना माझी कळकळीची विनंती आहे. आणि त्या संध्याकाळी आपल्या हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांनाही अगत्याने बोलवावे.

आपला,
एक वाचक, वसई