हळदी-कुंकू बदकातलं कुंकू : चापडगावच्या गाईडकाकांना पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या पक्ष्यांचं शेवटचं चित्र काल पूर्ण झालं. सही केली आणि पहिली आठवण तुमची आली. तुमचे आभार चार माणसांत मानायचे होते, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

पक्षीगणनेला स्वयंसेवक म्हणून पहिल्यांदा आले, तेव्हा मी फोटो बघूनच पक्षी रंगवायचे. माझं हळदी-कुंकू बदक तुम्हाला मोबाइलवर मोठ्या हौसेनं दाखवलं. तुम्ही म्हणालात, "ताई, हळद दिसतेय, पण कुंकू कुठंय?" आणि मनोऱ्यावर दुर्बीण लावून दिलीत. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि चोच कपाळाला भिडते तिथे दोन लाल ठिपके! इतकी वर्षं ते नाव मी नुसतंच घेत होते.

थवा मोजायलाही तुम्हीच शिकवलंत. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरायची आणि तेच माप थव्यावरून पुढे सरकवत न्यायचं. तलवार बदकांचा थवा रंगवताना मी आता हेच करते. पूर्वी माझ्या कागदावर एकच पक्षी असायचा, मधोमध. गोदावरी-कादवेचं पाणी, बंधाऱ्यामागे साचलेला गाळ, त्यात माजलेलं गवत, यातलं काहीच नसायचं. त्या गाळापायीच तर हे पक्षी इथे उतरतात.

आणि तो शेकाट्या, लांब पायांचा पाणपक्षी. संक्रांत नुकतीच झाली होती, पायात नायलॉनचा मांजा अडकलेला. तुम्ही उपरणं टाकून त्याचे डोळे झाकलेत आणि मला पाय धरायला सांगितलंत. काडीसारखा गुलाबी पाय, मांजा रुतून पडलेली बारीक रेघ, तळहाताला जाणवणारी त्याची धडधड. तुम्ही छोट्या कात्रीनं एकेक वेढा कापत होतात, घाई न करता. तो गुलाबी रंग मला कुठल्याच ट्यूबमध्ये तयार मिळाला नाही. सहा कागद फुकट गेले, सातव्यावर जमला.

जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, याचा आम्हा नाशिककरांना फार अभिमान. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे मनोऱ्यावर हजर असणाऱ्या तुम्हा गाईड मंडळींचा त्यात मोठा वाटा आहे, असं मी मनापासून मानते.

डिसेंबरात येतेय. शेकाट्याचं चित्र तुमच्या घरासाठी आहे. हळदी-कुंकू बदकाचंही आणते, त्यातलं कुंकू एकदा बघून घ्या.

तुमची,
गणनेतली चित्रकार ताई