मेणातला तुकडा फेकू नका

महोदय,

वडिलांच्या यकृतातली गाठ काढली तेव्हा सेकंड ओपिनियनसाठी 'ब्लॉक' हवा होता. परळच्या एका लॅबमध्ये तीन खेपा झाल्या, मग काउंटरवरून उत्तर आलं, "सापडत नाही, साहेब." ब्लॉक म्हणजे आगपेटीहून लहान प्लास्टिकची डबी, तिच्यात मेणात बसवलेला बदामी रंगाचा मांसाचा तुकडा. जुनं सामान समजून तो कुठेही टाकला जातो.

पण २००८ साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या अशाच मेणातल्या तुकड्यांवर झालं होतं. कोणती जनुकं किती जोरात काम करताहेत, हे त्यात मोजलं. गंमत अशी, की रुग्ण किती जगेल याचा अंदाज गाठीतल्या जनुकांवरून येईना. तो आला गाठीशेजारच्या यकृतातल्या १८६ जनुकांवरून! नवल वाटायला नको. सिरॉसिसने (यकृत व्रणांनी कडक होण्याच्या आजाराने) पोळलेली जमीन तीच असेल, तर एक गाठ काढली तरी पुढे दुसरी उगवू शकते.

अशी चाचणी अजून सरसकट होत नाही. उपचार ठरतात ते गाठींचा आकार, संख्या आणि यकृताची ताकद पाहून. त्यामुळे लगेच कुणी महागडी 'जीन टेस्ट' गळ्यात मारत असेल, तर आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं. मागणी साधी आहे: ब्लॉक किती वर्षं ठेवणार, हे लॅबने पावतीवरच छापावं आणि टाकण्यापूर्वी घरच्यांना एक फोन करावा.

– एक वाचक, लालबाग, मुंबई