पुठ्ठ्याचा बसला, पत्र्याचा बसला नाही

हिंगणा रोड, नागपूर
२१ जून

चि. मृणाल हीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज रडवेला होता आणि मागे तुमच्या कॉलेजच्या गाडीच्या टीमचे पोट्टे कालवा करत होते, म्हणून मी जास्त बोललो नाही. "बाबा, पुठ्ठ्याचा फर्मा मस्त बसला होता, पत्र्याचा बसलाच नाही," हे एकच वाक्य तू तीनदा बोललीस. रात्री तेच डोक्यात घोळत होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाइप करणं माझ्या बोटांना जमत नाही, म्हणून सकाळी शटर उघडायच्या आधी कागद घेऊन बसलो.

आधी तुमच्या फायरवॉलचं, म्हणजे ड्रायव्हर आणि इंजिन यांच्या मधल्या पत्र्याचं. तू पाठवलेल्या फोटोत फर्मा, म्हणजे पत्रा ज्यावरून आखून कापायचा तो नमुना, खोक्याच्या पुठ्ठ्याचा दिसतो. तीन पदरी, आत नळ्या असलेला, चार मिमी तरी जाड. तो दुमडला की आतला पदर चेंगरतो आणि बाहेरचा पदर बिजागरीसारखा वळतो, म्हणून पुठ्ठा कोपऱ्यात बिनबोभाट बसतो. धातू तसा वळत नाही. त्याला वळायला गोलाई लागते आणि वळताना त्याचं माप बदलतं. तुमचा १.६ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम, आतली गोलाई जवळपास जाडीइतकी धरली, तर काटकोनातल्या एका बेंडला पावणेतीन मिमीच्या आसपास माप वाढून येतं. निम्मं या बाजूला, निम्मं त्या बाजूला. तुम्ही पुठ्ठ्यावरची घडी जशीच्या तशी पत्र्यावर उतरवली आणि बेंड दोन होते. म्हणजे दोन्हीकडून निम्मं-निम्मं येऊन मधला भाग पावणेतीन मिमीने जास्त रुंद झाला. दोन पाइपांच्या मध्ये तो कसा जाईल, बाप्पा! तुझी मोजपट्टी चुकली नाही आणि बेंडिंग मशीनवाल्याशी भांडायचंही कारण नाही.

पुढच्या वेळी पत्रा कापायच्या आधी त्याच शीटची १०० मिमी लांब पट्टी घे. बरोबर ५० वर रेघ मारून त्याच मशीनवर काटकोनात वाकव आणि दोन्ही बाजू बाहेरून मोज. दोघींची बेरीज १०२.८ आली तर दर बेंडमागे २.८ वजा करायचे, बेंडच्या दोन्ही बाजूंना निम्मे-निम्मे वाटून. मशीन बदललं, पत्रा बदलला की पट्टी नवी. आणि अ‍ॅल्युमिनियमवर बेंडची रेघ स्क्रायबरच्या टोकदार सुईने ओढू नको, तिथूनच चीर सुरू होते. बारीक टोकाचा मार्कर वापर.

आता फर्म्याच्या मटेरियलबद्दल. तुला आठवत असेल, मी गाड्यांच्या कामात यायच्या आधी सेंट्रल एव्हेन्यूवरच्या एका कूलरच्या कारखान्यात होतो. उन्हाळ्याआधी शेकड्यांनी कूलर निघायचे. तिथे भिंतीला खिळ्यांवर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे फर्मे टांगलेले असत, कडा हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. पुठ्ठ्याचा फर्मा तिथे दोन दिवस टिकला नसता. पुढे स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा मी तीच सवय गाड्यांच्या कामाला लावली. एका जुन्या जिप्सीच्या फ्लोअरसाठी पत्र्याचाच फर्मा केला. दोन दिवस घासत बसलो आणि शेवटी तो एकदाच वापरला. उस्ताद चहा पीत बघत होते. म्हणाले, "काहून रे, अशा शंभर जिप्स्या काढणार आहेस का?"

तेव्हापासून मी हातात काय सापडतं ते बघत नाही. फर्म्याला पुढे काय काय सोसायचं आहे, ते आधी बघतो.

एकदाच रेघ मारायची असेल तर पुठ्ठाच बरा, पण नळ्यांचा नको. सलवार-सूटच्या किंवा मिठाईच्या डब्याचा तो घट्ट करडा पुठ्ठा घे, साधारण एक मिमीचा. तो कापतो स्वच्छ, घडी सरळ पडते आणि जाडी पत्र्याच्या जवळ असल्यामुळे फसवतो कमी. (तुझी आई म्हणते, सोनपापडी संपायच्या आधीच मी डब्याची जाडी मोजतो. खोटं नाही.) नळ्यांचा पुठ्ठा अजिबात टाकून द्यायचा असं नाही. मोठा पसारा आधी अंदाजाने झाकून बघायला तो छान. फक्त घडी नळ्यांच्या दिशेने पडेल असा ठेव. आडवी घडी पडली की ती भरकटते.

मोठी जागा एकाच तुकड्यात कापून बसवायला जाऊ नको, पोट्टे तिथेच चुकतात. आधी मधला तुकडा जागेपेक्षा लहान ठेव. मग कडेला दोन-दोन बोटांच्या पट्ट्या पाइपाला टेकवून मास्किंग टेपने मधल्या तुकड्याला चिकटवत जा. पूर्ण चौकट झाली की अख्खी उचलून बाहेर काढ आणि नव्या पुठ्ठ्यावर उतरव. जिथे पट्टी टेकत नाही तिथे डिव्हायडर (दोन टोकांचा कंपास) फटीइतका उघडून एक टोक पाइपावरून फिरव, दुसरं पुठ्ठ्यावर रेघ ओढतं. तुमच्यातला तो कॅडवाला म्हणत होता ना, ड्रॉइंग आहे तर पुठ्ठा कशाला? त्याला सांग, ड्रॉइंगमधला पाइप वेल्डिंगच्या आधीचा आहे. वेल्ड थंड होताना पाइपाला आपल्याकडे ओढतो. गाडीत आज जो पाइप आहे तो तुमच्या लॅपटॉपमध्ये नाही.

रोल केजच्या, म्हणजे ड्रायव्हरभोवतीच्या पिंजऱ्याच्या पाइपाला दुसऱ्या पाइपावर बसायला मासळीच्या तोंडासारखा काप देताना मात्र पुठ्ठा विसर, तिथे साधा कागद. तुमचा पाइप २५.४ मिमीचा, त्याचा घेर ७९.८. त्यावर एक मिमीचा पुठ्ठा गुंडाळला तर घेर जवळपास ८३ होतो आणि कापाचं टोक तीन मिमी पुढे सरकतं. जुन्या कॅलेंडरचं पान घे, गुंडाळ, कड कडेला भिडली की टेप मार. पाइप कुठे कसा वाकतोय हे दाखवायला ना कागद ना पुठ्ठा, गॅस वेल्डिंगची फिलर रॉड, ती बारीक तार, हाताने वाकवून ने.

इथे काल पहिला दणका पाऊस झाला आणि दुकानात टांगलेले दोन फर्मे आज सकाळी पापडासारखे वाकलेले दिसले. कागद दमट हवेत फुगतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. पुठ्ठ्याचा छोटा तुकडा एका बाजूने ओला कर. ज्या रेषेभोवती तो सुरळी होतो, तंतू त्या रेषेच्या दिशेने असतात. फर्म्याचं महत्त्वाचं लांब माप त्या दिशेला ठेव. पुण्यातही पावसाळा आहेच, पुठ्ठ्याचा फर्मा त्याच दिवशी वापरून मोकळी हो.

पावसाचं ऐकून तू म्हणशील, मग अ‍ॅक्रिलिक घेते. घे, पण माझी फजिती ऐकून घे. एका ऑफरोडवाल्याच्या बंपरच्या प्लेटसाठी मी मीटरभर लांब अ‍ॅक्रिलिकचा फर्मा केला. डिसेंबरची सकाळ होती, हात गारठलेले, १२ अंश असतील. भोकं अगदी बरोबर. तोच फर्मा मे महिन्यात काढला. टिनाच्या शेडखाली ४५ अंश, आणि शेवटचं भोक दोन मिमी पुढे. मी आधी पोरालाच झापलं. मग हिशेब केला. अ‍ॅक्रिलिक मीटरमागे दर अंशाला ०.०७ मिमी वाढतं, लोखंड ०.०१२. ३३ अंशांच्या फरकाला अ‍ॅक्रिलिक २.३ मिमी वाढलं, लोखंड फक्त ०.४. त्या पोराला मी नंतर समोसे खाऊ घातले. लहान, हातभर फर्म्याला अ‍ॅक्रिलिक चालतं, लेझरवर कडही सुरेख येते. लांब आणि जपून ठेवायचा असेल तर पत्राच.

लेझरवरून आठवलं, हे नीट वाच. तुमच्या कॉलेजच्या लेझरवर सनबोर्ड कापायला कोणी निघालं तर हात धर. साइनबोर्डवाल्यांकडे मिळतो तो बहुतेक पीव्हीसीचा असतो. जळताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो, मशीनला गंज आणि छातीला जाळ. सनबोर्ड कटरनेच काप. आणि उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नको, संध्याकाळी तो केळीच्या पानासारखा झुकलेला सापडतो.

जीआय पत्र्याच्या फर्म्याची एक खोड आहे. तो कामाच्या पत्र्यासारखाच दिसतो. आपल्या शंकरने एकदा घाईत फर्माच गाडीला वेल्डिंगचे ठिपके मारून टॅक करून टाकला. जस्त जळून पांढरा धूर झाला, आणि रात्री त्याला हुडहुडी भरून ताप आला. तेव्हापासून प्रत्येक फर्म्यावर पिवळा रंग फासतो आणि एक मोठं भोक पाडतो, टांगायलाही आणि ओळखायलाही. वर मार्करने गाडी, बाजू, जाडी, बेंड वर की खाली आणि तारीख. डावी-उजवी जरूर लिही. एकदा ठोकून सरळ केलेल्या गाडीत डावी बाजू उजवीचा आरसा असेलच असं नाही.

कड कापायच्या राउटर मशीनचं बेअरिंग फर्म्याच्या कडेने फिरवायचं असेल तर सहा मिमीचा एमडीएफ चांगला, फक्त पाणी लागू देऊ नको. पण पत्रा ठोकून कड वळवायची असेल तर त्याच्या कडा भुरभुर होतात, तिथे इथल्या लोखंड बाजारात, लोहा ओळीत जाताना वाटेत शिसमाचा तुकडा शोधतो मी. तुला पुण्यात कुठे मिळेल ते तू बघ. प्लाझ्मा टॉर्चने पत्रा कापायला लोखंडी पट्टीचा फर्मा कर, आणि टॉर्चचं तोंड फर्म्यापासून जेवढं लांब कापतं तेवढा फर्मा आत घे. भंगारावर एक काप मारून ते अंतर मोज.

एक गोष्ट मात्र दुकानात मिळत नाही. जुन्या एक्स-रेची फिल्म. पातळ, पारदर्शक, पावसाने फुगत नाही, कात्रीने कापते. बोल्टची भोकं उतरवायला तिच्यासारखं काही नाही. खालचं भोक दिसतं, वर बारीक टोकाने मध्य मारायचा. आजीच्या खुब्याचा एक्स-रे माझ्याकडे अजून आहे. त्याच्यावर एका जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या गिअरबॉक्स माउंटिंगची सहा भोकं आहेत. उजेडात धरला की हाडाच्या मधून दिसतात. आजीला दाखवलं होतं. म्हणाली, चला, कुठेतरी कामाला आले.

त्यातला अर्धा तुला पाठवतोय, आजीची परवानगी आहे. आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल निघेल. सोबत आईने चिवडा आणि संत्राबर्फी दिली आहे, आणि १.६ ची एक मोडकी शीट, दोन ट्रायल पट्ट्यांपुरती. पार्सलचा बाहेरचा डबा मी मुद्दाम करड्या पुठ्ठ्याचा घेतला आहे. उघडताना कटर फक्त टेपवर चालव, पुठ्ठ्याला लावू नको. सगळा सपाट केला की मधला भाग तुमच्या फायरवॉलला पुरतो, मी मोजून घेतला आहे.

तुझा,
बाबा