बार्तोकचा संथ भाग अर्ध्यावर थांबवू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात कोल्हापुरातील एका सभागृहात पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या श्रवणाचा कार्यक्रम झाला आणि बेला बार्तोक या हंगेरियन संगीतकाराच्या तिसऱ्या पियानो कॉन्चेर्टोचा (पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या तीन भागांच्या रचनेचा) मधला, संथ भाग तेथे ऐकवण्यात आला. अशा संगीतासाठी आपल्या शहरात पन्नास-साठ माणसे भर पावसात येऊन बसतात याचा मला आनंदच आहे, तरीही तेथे जे घडले त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. निवेदकांनी आधी वीस मिनिटे बार्तोकचा रक्ताचा कर्करोग, न्यूयॉर्कमधील ओढगस्त आणि मृत्यू यांविषयी सांगितले, आता आपण एका मरणाऱ्या माणसाचा विलाप ऐकणार आहोत अशी सर्वांच्या मनाची तयारी करून दिली आणि मग ध्वनिमुद्रण लावले. पियानोवरची गंभीर सुरावट संपून वाद्यवृंदात पाखरांचे आवाज उमटू लागले, तोच वेळ संपल्याचे सांगून ते बंद करण्यात आले. काहींचे डोळे पाणावले होते. पण ते ज्या गोष्टीने पाणावले ती निवेदनात होती. संगीतात काय आहे हे कळायला संगीत अजून निम्मे उरले होते.

हा कॉन्चेर्टो बार्तोकने १९४५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातील सारानाक लेक या गावी लिहिला. पत्नी दित्ता स्वतः पियानोवादक होती. ३१ ऑक्टोबरला तिचा वाढदिवस होता, त्या दिवशी हा कॉन्चेर्टो तिला द्यावा आणि आपल्यामागे तो वाजवून तिला चार पैसे मिळावेत, असा त्याचा विचार होता. २६ सप्टेंबर १९४५ रोजी तो गेला. तेव्हा तिसऱ्या भागाच्या अखेरच्या १७ बारांचे (बार म्हणजे स्वरलिपीतील तालाचा एक छोटा खंड) वाद्यवृंदासाठीचे लेखन तेवढे राहिले होते. ते टिबोर सेर्ली या त्याच्या मित्राने पुरे केले. म्हणजे संथ भाग हा त्याचा शेवटचा शब्द नव्हे. त्याच्यानंतर त्याने एक धावता, उसळता, नाचरा भाग लिहिला आहे, आणि व्हायोला कॉन्चेर्टोची कच्ची टिपणे तर शेवटपर्यंत त्याच्या टेबलावर होती. काम हातात असलेला माणूस होता तो.

आता त्या संथ भागाविषयी. बार्तोकने त्यावर 'आडाजिओ रेलिजिओसो' असे लिहिले आहे. संथ आणि भक्तिभावाने, असा त्याचा अर्थ. सुरुवातीला तंतुवाद्ये एकामागून एक, एकमेकांचा स्वर उचलत हलकेच येतात, मग पियानो चर्चमधील प्रार्थनेसारखी एक ओळ म्हणतो आणि थांबतो, पुन्हा तंतुवाद्ये, पुन्हा पियानो. ही रचना जाणकारांना बीथोव्हेनच्या १८२५ मधील एका तंतुचौकडीची, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेची, आठवण करून देते. बीथोव्हेन त्या वर्षी पोटाच्या जबर दुखण्यातून उठला होता आणि त्या चौकडीच्या संथ भागाला त्याने बरे झालेल्या रुग्णाने देवाला वाहिलेले आभारगीत असे नाव दिले होते. (त्या गीतासाठी त्याने निवडलेल्या लिडियन स्वरसप्तकात मध्यम तेवढा तीव्र आणि बाकी सारे स्वर शुद्ध. आपण ज्याला कल्याण थाट म्हणतो, तोच हा स्वरसमूह. अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावातील श्रोत्याला तो परका वाटण्याचे कारण नाही.)

आणि ती पाखरे, जी आम्हाला ऐकूच दिली नाहीत? १९४३ च्या प्रारंभी हार्वर्ड येथे व्याख्याने देत असताना बार्तोक कोसळला. त्याचे वजन चाळीस किलोच्या आसपास आले होते. पुढे त्या वर्षाच्या अखेरीस तो नॉर्थ कॅरोलिनातील अ‍ॅशव्हिल या डोंगराळ गावी जाऊन राहिला. तेथे त्याच्या अंगात जरा ताकद आली, एकल व्हायोलिनसाठी सोनाटा लिहून झाला, आणि १९४४ च्या वसंतात तो खिडकीबाहेरच्या पाखरांचे बोल ऐकत राहिला. तरुणपणी फोनोग्राफ घेऊन हंगेरी-रुमानियाच्या खेड्यांतून लोकगीते टिपणारा कान तो. पाखरांच्या बाबतीतही तो तितकाच चोख राहिला. टोव्ही नावाच्या तिथल्या एका पक्ष्याची हाक या संथ भागाच्या मधोमध आजही ओळखू येते. तंतुवाद्यांची बारीक थरथर सुरू असते आणि तिच्यावर ओबो, क्लॅरिनेट, बासरी छोट्या छोट्या शिट्या घालतात. रंकाळ्याच्या काठी पहाटे धुके असताना ज्याने भारद्वाजाचा घुमारा ऐकला असेल, किंवा मृगाच्या तोंडाशी पावश्याचे 'पेरते व्हा' ऐकून थबकला असेल, त्याला या जागेचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही.

मला म्हणायचे आहे ते इतकेच, की या रचनेतील दोन्ही गोष्टी, ती प्रार्थना आणि ती पाखरे, दुखण्यातून उठलेल्या माणसांकडून आलेल्या आहेत: एक बीथोव्हेनच्या बरे होण्यातून, दुसरी बार्तोकच्या स्वतःच्या त्या चार महिन्यांच्या उसंतीतून. मृत्यू जवळ आला होता हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही, पण हा माणूस मृत्यूविषयी लिहीत बसला नव्हता. पाखरांनंतर प्रार्थनेची ओळ परत येते तेव्हा ती फुंकवाद्यांकडे गेलेली असते आणि पियानो तिच्या भोवती बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या धाटणीने दोन पदरी, खेळती वीण घालत जातो. तेवढा भाग कापला की मागे खरोखरच विलाप उरतो, आणि तो कापणाऱ्याने तयार केलेला असतो.

सभागृहात माझ्या शेजारी आमच्या गल्लीतल्या एक आजी बसल्या होत्या. पाश्चात्त्य संगीत त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. पियानोची दुसरी ओळ संपल्यावर त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "आमच्या भजनात म्होरक्या म्हणतो आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबतात, तसं चाललंय बघा." कार्यक्रमात तोवर बोलले गेलेले सर्वांत नेमके वाक्य हे होते. दोन दिवसांनी मी त्यांना घरी बोलावून तो भाग पूर्ण ऐकवला. पाखरे आली तशा त्या सावरून बसल्या, आणि शेवटी पियानोची बोटे धावू लागली तेव्हा म्हणाल्या, "ह्यो माणूस अंथरुणातनं उठून अंगणात आलाय की." बार्तोकच्या दुखण्याविषयी निवेदकांनी सांगितलेले त्यांनी ऐकले होते, अ‍ॅशव्हिलविषयी मी अजून एक अक्षरही बोललो नव्हतो.

म्हणून असे कार्यक्रम घेणाऱ्या सर्वांना आपल्या पत्राद्वारे कळकळीची विनंती आहे. हा भाग साधारण दहा मिनिटांचा आहे. निवेदन आटोपते घ्यावे, पण तो पूर्ण ऐकवावा, आणि जमल्यास त्याला जोडून तिसरा भागही. मृत्यूची हकिगत ऐकून झाल्यावर सांगावी. आणखी एक: सुरुवातीची तंतुवाद्ये फार हळू वाजतात आणि त्या दिवशी छताच्या पंख्यांच्या घरघरीत मागच्या रांगांना त्यांतले काहीच पोहोचले नाही. तेवढी दहा मिनिटे पंखे बंद ठेवावेत.

आपला,
एक श्रोता, कोल्हापूर