चि. वृंदास, टॉकीजचं कुलूप उघडण्याआधी

वेंगुर्ला, गुरुवार

चि. वृंदास अनेक आशीर्वाद.

तू निघताना मी जे बोललो, ते आईने फोनवर आणखी तिखट करून सांगितलं असणार, म्हणून हे पत्र. दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतच्या बंद टॉकीज पाडल्या जाण्याआधी त्यांची नोंद करायचं काम तुझ्याकडे आलं, हे मी नाक्यावर चार जणांना सांगून बसलोय. विरोध कामाला नव्हताच. वर्षानुवर्षं बंद असलेल्या मशीनच्या कॅबिनमधली हवा तुझ्या छातीला सोसणार नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. ते आता पुन्हा लिहीत नाही. कामाचं लिहितो.

कॅबिनमध्ये शिरलं की सगळे मशीनकडे धावतात. तू आधी भिंतीचे फोटो काढ. सिम्प्लेक्स किंवा वेस्ट्रेक्सचं प्रोजेक्टर मशीन आज ना उद्या कुठल्या तरी संग्रहालयात बघायला मिळेल, पण त्या मशीनवर त्या गावात पिक्चर कसं चालायचं, ते फक्त भिंतीवर असतं. रीळ उलटं गुंडाळायच्या रिवायंडरच्या टेबलाच्या वर आणि दोन्ही मशीनच्या मधल्या जागेत पेन्सिलीने लिहिलेलं सापडेल : दिव्याचा कार्बन कधी बदलला, कुठल्या रिळात जॉइंट कच्चा आहे, दिव्याला डीसी वीज पुरवणारा रेक्टिफायर किती अँपिअरवर ठेवायचा, आवाजाचा फेडर कुठल्या आकड्यावर. काही आकड्यांपुढे नुसतं ‘पा.’ असेल. ते पावसाळ्याचं. आपल्याकडच्या टॉकीज चिऱ्याच्या भिंतींच्या आणि वर कौलं नाहीतर पत्रे. जुलैत मोठी सर आली की शेवटच्या बाकापर्यंत एक शब्द पोचायचा नाही, मग फेडर दोन घरं वर घ्यायचा आणि सर ओसरली की लगेच खाली आणायचा, नाहीतर पुढच्या तिकिटाच्या लोकांचे कान फुटायचे. चुना मारायला माणूस येण्याआधी ती भिंत टिपून घे. टॉर्च समोरून मारू नकोस, बाजूने तिरका धर. पुसट पेन्सिल तशीच दिसते.

आता मशीन. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट जाते. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांचं, दोन जोडून केलेलं बावीसच्या आसपास. सतरा-अठरा रिळांचं पिक्चर म्हणजे एका खेळात आठ वेळा मशीन बदलायचं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो, जेमतेम चार फ्रेमचा. पहिला ठिपका रीळ संपायच्या साधारण आठ सेकंद आधी, तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. दुसरा शेवटच्या सेकंदाला, तेव्हा उजेड या मशीनवरून त्या मशीनवर घ्यायचा. प्रेक्षकाला पत्ता लागला नाही, तर ऑपरेटर चांगला. आपल्याकडे प्रिंट यायची ती मुंबई-पुण्यात महिनोन्‌महिने घासून. रिळाची टोकं तुटून तुटून ठिपकेच उडालेले असायचे, म्हणून ऑपरेटर स्वतःच्या खुणा खरवडायचे. जुन्या रिळाच्या शेवटी अशी वेडीवाकडी फुली दिसली तर ती खराबी म्हणून लिहू नकोस. ती कुणाची तरी सही आहे.

भिंगामागच्या गेटच्या वर आणि खाली फिल्मचा सैल लूप सोडलेला असतो, तोही नीट बघ. गेटमध्ये फिल्म थांबत थांबत सरकते, पण आवाज वाचणाऱ्या साउंडहेडवरून ती सलग जायला हवी, आणि आवाज चित्राच्या वीस फ्रेम पुढे छापलेला असतो. खालचा लूप लहानमोठा झाला की ओठ एक बोलतात आणि ऐकू दुसरंच येतं. लूप अगदीच संपला तर फिल्मच्या कडेची भोकं फाटतात. मग हॉलमध्ये शिट्ट्या, आणि अंधारात फिल्म खरवडून, फिल्म जोडायचं सिमेंट लावून, दाबून धरायची. सिमेंट सुकेपर्यंतचा तो वेळ फार मोठा वाटतो.

लॅम्पहाउस, म्हणजे दिव्याची पेटी, उघडशील तेव्हा आत कार्बनची थुटकं असतील. पॉझिटिव्ह जाड, निगेटिव्ह बारीक, वर तांब्याचा पातळ थर. दोन्हींच्या टोकांमध्ये ठिणगीचा उजेड पेटतो आणि कार्बन जळून आखूड होत जातो, म्हणून मधलं अंतर सतत राखावं लागतं. अंतर चुकलं की पडदा पिवळट होतो, नाहीतर निळसर, आणि उजेड फडफडायला लागतो. या जळण्याचा धूर वर पाइपने बाहेर काढलेला असायचा. तो पाइप गंजलेला असला, किंवा पावसाचं पाणी येतं म्हणून कुणी वरून डबा पालथा घातलेला असला, तर धूर कॅबिनमध्येच. अशाच धुरात राबलेल्या आपल्या अण्णांचं शेवटी काय झालं ते तुला माहीत आहे. आणि छाती तू त्यांचीच घेतली आहेस, माझी नाही.

आलंच शेवटी पेनातून. तर मग एकदाच सगळं लिहितो. लॅम्पहाउसच्या जुन्या वायरींवर पांढुरकं, सुतासारखं वेष्टण असेल तर ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, नखाने उकरायचं नाही. फुटक्या सिमेंटच्या पत्र्यांचंही तेच. वटवाघळं आणि पाकोळ्यांनी घाण केली असेल तिथे कोरडा झाडू अजिबात मारू द्यायचा नाही, आधी पाणी शिंपडायचं. रुमाल बांधून भागणार नाही. एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसला पाहिजे. जुना रेक्टिफायर ‘चालतो का बघू’ म्हणून कुणी स्विच ओढायला लागला तर तू आधी बाहेर पड. काहींत पाऱ्याचा काचेचा बल्ब असतो. नंतरच्या मशीनमध्ये झेनॉन बल्ब असेल तर तो थंड असतानाही आत वायू दाबाखाली असतो, फुटला तर काचा तोंडावर येतात. त्याला हात माहीतगारानेच लावायचा, तोंडावर शील्ड घालून. किती शिकवतोय, बघ. तू रेकॉर्डिंगचं शिक्षण घेऊन आलेली मुलगी, यातलं निम्मं तुला ठाऊक असणार. माफ कर, पण वाचून टाक.

डबे मात्र खरंच जपून. डब्याचं झाकण उघडताच व्हिनेगरचा वास आला तर फिल्मचा पाया सडायला लागलाय. अ‍ॅसिटेट फिल्म उष्ण दमट हवेत आम्ल सोडते, ते आम्ल तिलाच आणखी सडवतं, आणि डबा गंजलेला असेल तर वेग वाढतो. आपल्या किनाऱ्यावर उष्मा, ओल आणि गंज तिन्ही फुकट. अशी फिल्म आक्रसते, भोकांचं माप मशीनच्या दातेरी चाकाशी, स्प्रॉकेटशी, जुळत नाही. टक्काभर आक्रसली तरी मशीनवर चढवायची नाही. ते डबे चांगल्या डब्यांपासून वेगळे ठेव, वास त्यांनाही लागतो. आणि उघडायचे ते पडवीत किंवा अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. मास्क धूळ अडवतो, आम्लाची वाफ अडवत नाही. तुझा खोकला अशाच वासाने सुरू होतो.

फिल्मची कड उजेडात धरून बघ. ‘सेफ्टी’ लिहिलेलं असलं तर ठीक. ते नसेल आणि पिक्चर १९५१ च्या आधीचं असेल, चिकट आणि काळपट-पिवळं झालं असेल, तर ती झटकन पेटणारी जुनी नायट्रेट फिल्म असू शकते. तिचा तुकडा पेटवून परीक्षा घेणारे शहाणे भेटतील, त्यांना हाकलून दे. ती पाण्याखालीसुद्धा जळते, जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी मूळ प्रती गेल्या. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, देशातला पहिला बोलपट, त्याचीही एक प्रत आज कुठे नाही. मॅजेस्टिकही नाही, तिथे दुकानं झाली. लालबाग-गिरगावातल्या आपल्या चाकरमान्यांनी त्या भागातल्या थिएटरांत जे बघितलं, ते मे महिन्यात गावी येऊन अंगणात सांगितलं, आणि म्हणून इथे तंबूतल्या सिनेमाला गर्दी झाली.

तंबूचंही लिहून घे, त्याची तर भिंतसुद्धा उरलेली नाही. भातकापणी उरकली की रिकाम्या मळ्यात कनाती लागायच्या आणि मेअखेर उठायच्या, कारण पावसात शक्यच नाही. मशीन एकच. रीळ संपलं की दिवा लागायचा, दुसरं चढेपर्यंत लोक चणे खात बसायचे. बायकांची बाजू वेगळी, मध्ये दोरी. जनरेटर दमला की आवाज जड व्हायचा आणि नायिका पुरुषी गायची. दिवसा गाडीवर फलक लावून, भोंग्यावर ओरडत वाडीवाडीतून फिरायचं. रिळांच्या पेट्या एसटीच्या टपावरून यायच्या. घाटात दरड आली आणि पेटी नाही पोचली, तर जुनंच पिक्चर आणखी एक रात्र.

टॉकीज का बंद पडल्या, यावर लोक तुला फक्त टीव्ही सांगतील. तेवढ्यावर थांबू नकोस. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला, मग केबल, तरी बऱ्याच टॉकीज तग धरून होत्या. २०१३-१४ च्या सुमारास प्रिंट येणंच जवळपास थांबलं. डिजिटल मशीन घ्यायचं तर खर्च मोठा आणि खुर्च्या रिकाम्या. तोवर बाजारातल्या जागेला भाव आलेला. मालकांना दोष देऊन लिहू नकोस. त्यांतल्या कितीकांनी तोट्यात पत्रे बदलले आहेत.

मालकांपेक्षा डोअरकीपरला आणि बुकिंगच्या खिडकीत बसणाऱ्याला शोध. काचेच्या स्लाइडवर शाईने जाहिराती कोण लिहायचं ते त्यांना आठवेल. तसल्या स्लाइड सापडल्या तर ओल्या फडक्याने पुसू नकोस, शाई जाते. पडदा अजून टांगलेला असेल तर त्याला बारीक भोकं आहेत का बघ, मागच्या स्पीकरचा आवाज त्यांतूनच येतो. वरून-खालून काळी पट्टी असेल तर तीही मोज. अरुंद हॉलमध्ये स्कोपचं, म्हणजे रुंद पडद्यासाठीचं, चित्र रुंद करायला जागाच नसायची, म्हणून उंची कापायचे.

सावंतवाडीला आतेकडेच उतर, लॉजवर नको. तिला सांगून ठेवलंय आणि दवाखाना तिच्या दारासमोरच आहे. दादाला या कामाचं एवढ्यात बोलू नकोस, त्याचं मी बघतो. शनिवारी एसटीच्या पार्सलने एक खोका पाठवतोय : हाताचा रिवायंडर, फिल्म जोडायचा स्प्लायसर, सुती हातमोजे, आम्ल तपासायच्या पट्ट्या (निळ्याची हिरवी झाली तर सुरुवात, पिवळी झाली तर फार पुढे गेलेलं) आणि दोन डझन मास्क. पावती आईच्या मोबाइलवरून पाठवीन. डेपोत संध्याकाळी सहाच्या आत जा, नंतर पार्सलची खिडकी बंद होते.

तुझे,
बाबा