ओढताना दोर तुटतो तो वजनाने नव्हे, हिसक्याने

माननीय संपादक,

मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, १ ऑगस्टला मालीम, कुटबण, खारीवाडा, शापोरा सगळीकडचे ट्रॉलर सुटायच्या तयारीत असतात आणि समुद्राने मात्र अजून पावसाळा सोडलेला नसतो. मग कुणाचं तरी इंजिन बंद पडतं, कुणाच्या पंख्यात जाळं अडकतं, दुसरी बोट त्याला ओढून आणायला जाते आणि नेमका तिथेच दोर तुटतो. आपल्याकडे पत्रं येतात ती एलईडी मासेमारीवर, डिझेलच्या सबसिडीवर, जेटीवरच्या घाणीवर, सगळी बरोबरच आहेत, पण ओढायच्या दोरावर कोणी लिहिलेलं मी तरी वाचलं नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहावं. माझी उमर झुवारीच्या काठावर बार्जी, म्हणजे खाणीचा माल वाहणाऱ्या सपाट बोटी, दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे भाषा वर्कशॉपची आहे, सांभाळून घ्या.

दोर तुटला की तांडेल पहिली गोष्ट म्हणतो ती म्हणजे पुढच्या वेळी जाड दोर घेऊ. बाजूचे चारजण मान डोलावतात, कांय जायना, जाड घे. आता जाड दोर घेतल्याने काय होतं ते मी बघितलंय. एका फायबरच्या बोटीचं पुढचं क्लीट दुरुस्तीला आलं होतं, क्लीट म्हणजे दोर गुंडाळायची ती दोन शिंगांची लोखंडी खुंटी, ती चारही बोल्टांसकट उपटून आली होती. बोल्ट अगदी सरळ, एकही वाकलेला नाही, आटेसुद्धा शाबूत. फाटलं होतं ते खालचं फायबर, कारण डेकच्या खाली लोखंडी पट्टी टाकलेलीच नव्हती, नुसते छोटे वॉशर. दोर एकदम नवा, जाडजूड, त्याला ओरखडासुद्धा नाही. म्हणजे दोर वाचला आणि बोटीचं नाक गेलं. साखळीत कमजोर कडी कुठेतरी असणारच, तुम्ही एक मजबूत केली की दुसरी तुटते, आणि हिसका तेवढाच राहतो.

हिसका किती असतो याचा हिशेब शाळेतल्या गणिताने होतो. समजा वीस टनांची बोट ओढतोय, लाटेमुळे दोर ढिला पडला आणि परत ताठ होताना दोन बोटींच्या वेगात एका नॉटचा फरक आहे, म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर. हा फरक पाच सेंटीमीटरमध्ये मारायचा झाला तर सरासरी पाच टन जोर लागतो. तोच पन्नास सेंटीमीटरमध्ये मारला तर सरासरी अर्धा टन. बोट तीच, समुद्र तोच, दोर पण तोच, फक्त थांबायला जागा मिळाली. आणि थांबायची जागा तेवढीच ठेवून वेगाचा फरक दुप्पट झाला तर जोर दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणून तांडेलाने थ्रॉटल सांभाळून टाकणं हे कुठल्याही उपकरणापेक्षा मोठं आहे हे आधीच सांगून ठेवतो.

ही थांबायची जागा मोठे टग, म्हणजे जहाजं ओढायच्या खास बोटी, कुठून आणतात? खोल समुद्रात ते शेकडो मीटर वायर सोडतात, ती स्वतःच्या वजनाने पाण्यात झोळ खाते, हिसका आला की आधी झोळ सरळ होतो आणि त्यातच जोर जिरतो. शिवाय दोराची लांबी अशी ठेवतात की दोन्ही बोटी एकाच वेळी लाटेवर चढतील आणि एकाच वेळी उतरतील. हे सगळं खोल पाण्यात छान. पण आपल्याला अडचण येते ती कुठे, तर आग्वादच्या बारवर, म्हणजे मांडवीच्या तोंडाशी साचलेल्या वाळूच्या पट्ट्यावर, जिथे पाणी उथळ आणि लाटा आखूड, उभ्या. याच बारमुळे पावसाळ्यात मांडवीच्या बार्जी बाहेरून न जाता कुंभारजुवेच्या कालव्यातून झुवारीत उतरून मुरगावला जायच्या हे जुन्या लोकांना माहीत आहे. शापोऱ्याच्या तोंडाशी, साळ नदीच्या तोंडाशी बेतूलला तेच. अशा ठिकाणी लांब दोर सोडता येत नाही, झोळ तळाला लागेल, मागची बोट वळणावर कुठेतरी जाऊन बसेल, म्हणून दोर आखूड घ्यावा लागतो. म्हणजे जिथे हिसका सगळ्यात वाईट तिथेच दोरातली लवचिकता सगळ्यात कमी! नायलॉनचा दोर तुटण्याआधी आपल्या लांबीच्या तिसरा हिस्सा तरी ताणतो, पण तो लांबीच्या प्रमाणात ना, पन्नास मीटरच्या दोरात जेवढी लांबी वाढते तिचा पाचवा हिस्सा दहा मीटरच्या दोरात. आणि आपल्या बोटींवर नायलॉन तरी कुठे असतो, असतो तो स्वस्तातला तरंगणारा प्लास्टिकचा दोर, पॉलिप्रॉपिलीनचा, उन्हात पडून पडून ज्याचे तंतू हाताने चुरगळले तरी भुगा होतात.

आता मुद्द्यावर येतो. दोराच्या आणि बोटीच्या मध्ये स्प्रिंगचा कपलिंग, म्हणजे जोड, बसवायचा. ही काही नवी अक्कल नाही, रेल्वेच्या दोन डब्यांमध्ये हेच काम ड्राफ्ट गियर करतो. एलएचबी म्हणतात ते नव्या बनावटीचे डबे आले तेव्हा गाडी सुटताना आणि थांबताना हिसके बसतात म्हणून प्रवाशांनी ओरड केली होती आणि रेल्वेला ते ड्राफ्ट गियर बदलून घ्यावे लागले, कोकण रेल्वेने मुंबईला ये-जा करणाऱ्यांना ते आठवत असेल. डब्यांना रूळ तरी आहेत, बोटीला तेही नाहीत.

पण स्प्रिंग कशी लावायची यात सगळी गंमत आहे. साधी ताणायची स्प्रिंग घेतली, दोन टोकांना हुक, एकाला दोर एकाला बोट, तर ते अपघाताला आमंत्रण आहे कारण हुक तुटला किंवा वेटोळं तुटलं की सगळं सुटलं, वर लोखंडाचा तुकडा डोक्याच्या उंचीवरून उडणार. त्याऐवजी दाबायची स्प्रिंग घ्यायची. दोन लांब सळ्या यू आकारात वाकवायच्या. पहिल्या यूचे दोन्ही पाय डाव्या बाजूने स्प्रिंगच्या आत घालून उजवीकडे बाहेर काढायचे आणि तिथे एका जाड प्लेटला अडकवायचे. दुसरी यू उलटी, उजवीकडून घालून डावीकडे प्लेटला. आता दोन्ही यूची गोल टोकं बाहेर राहिली, त्यात शॅकल, म्हणजे दोर जोडायची लोखंडी कडी, घाला. ओढलं की दोन्ही प्लेटा एकमेकींकडे येतात आणि स्प्रिंग चेपते. ओढतोय आपण, पण स्प्रिंग दबतेय. पूर्ण दबली की वेटोळ्याला वेटोळं टेकतं आणि तो नुसता लोखंडी दुवा होतो, जोर सळ्यांवर जातो. आणि स्प्रिंग मोडलीच तर तिचे तुकडे दोन प्लेटांच्या मध्ये अडकून राहतात, सळ्या एकमेकींत गुंतलेल्याच असतात, बोट सुटत नाही. ज्या कुणाच्या डोक्यात हे पहिल्यांदा आलं त्याला हात जोडावेत असं मला दर वेळी वाटतं, कारण मोडल्यावरही काम करणारी वस्तू बनवणं सोपं नसतं.

वरच्या वीस टनांच्या हिशेबाला पुरेल अशी स्प्रिंग साधारण मीटरभर लांब, सतरा-अठरा मिलीमीटर जाडीच्या तारेची होते, सळ्या-प्लेटा धरून दोन माणसांनी आरामात उचलावी एवढं वजन. तिचा जोर हळूहळू चढत जातो म्हणून पन्नास सेंटीमीटर दबताना शेवटी टनाच्या आसपास पोचतो, सरासरी अर्धा. शिवाय शांत पाण्यात नुसतं ओढतानाही ती थोडी दबलेलीच असणार, ते धरून थोडी जास्तीची घ्यावी.

उगाच डोक्यावर घेऊन नाचायला नको म्हणून तोटेही सांगतो. पोलादी स्प्रिंगमध्ये किलोमागे जिरणारी ताकद नायलॉनपेक्षा खूपच कमी, त्यामुळे दीड-दोन हजार टनांच्या बार्जीला नुसत्या स्प्रिंगने सांभाळायचं म्हटलं तर स्प्रिंग ठेवायला दुसरी बार्ज लागेल. तिथे लांब नायलॉन, साखळी, टगच्या विंचवरचा ताण सांभाळणारा ब्रेक हेच हवं. दुसरं, स्प्रिंग ताकद घेते तशी परत पण देते, त्यामुळे बोट मागेपुढे डुलायला लागते, म्हणून प्लेटांच्या मध्ये रबराचे जाड गोळे टाकले तर बरं, रबर थोडी ताकद उष्णतेत घालवतं. तिसरं म्हणजे गंज. खाऱ्या पाण्यात स्प्रिंगच्या तारेवर बारीक खड्डे पडतात आणि तडा नेमका तिथून सुरू होतो, वरून रंग मारलेला असेल तर दिसतही नाही. ग्रीस भरून वर रबरी नळा चढवायचा, आणि बंदीच्या दोन महिन्यांत उघडून बघायचं. खड्डे दिसले तर स्प्रिंग भंगारात, मोह नको. आणि एक हात जोडून विनंती सगळ्या फॅब्रिकेशनवाल्यांना, स्प्रिंगला वेल्डिंगचा रॉड लावू नका रे, नटबोल्ट बसवताना मारलेल्या वेल्डिंगच्या एका टाक्याने सुद्धा तिचं पाणी, म्हणजे उष्णतेच्या प्रक्रियेने आलेली ताकद, बिघडतं आणि ती तिथेच काचेसारखी तुटते.

अजून एक, स्प्रिंगपेक्षाही महत्त्वाचं. दोर ओढणाऱ्या बोटीवर एका झटक्यात सोडता आला पाहिजे, ताणाखाली असताना. मागची बोट प्रवाहाने बाजूला गेली आणि दोर आडवा ताणला गेला की पुढची छोटी बोट आडवी होऊन उलटते, टग सुद्धा असे उलटलेत जगभरात. आपल्याकडे दोराला अशी गाठ मारतात की ताण आल्यावर ती कोयत्यानेच सुटेल, आणि कोयता केबिनमध्ये. सुटणारा हुक आधी, स्प्रिंग नंतर. आणि दोर ताठ असताना त्याच्या रेषेत कुणी खलाशी उभा राहायचा नाही, तुटलेला नायलॉन परत येतो तेव्हा पाय मोडून जातो. आपले खलाशी बरेचसे ओडिशा, झारखंडकडचे, भाषा वेगळी, त्यांना हे कोण सांगतं? बऱ्याचदा कोणीच नाही.

आता सरकारकडे मागणं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांना सेफ्टी किट द्यायची तरतूद आहे, लाइफ जॅकेट, रेडिओ वगैरे, चांगलंच आहे. राज्याच्या मच्छीमार खात्याने त्याला जोडून ओढायचं सामान पण द्यावं, एक नायलॉनचा दोर, सुटणारा हुक, स्प्रिंगचा कपलिंग, आणि क्लीटच्या खाली टाकायची लोखंडी पट्टी, जिची किंमत या सगळ्यात सगळ्यात कमी आणि उपयोग सगळ्यात जास्त. प्रत्येक बोटीला द्यायची पण गरज नाही, जेटीवर मच्छीमारांच्या सोसायटीकडे दोन-चार सेट ठेवले आणि ओढायला जाणारी बोट ते घेऊन गेली तरी चालेल. कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्यानेही मांडवीतल्या मोठ्या बोटी हलवताना काय सामान वापरतात ते एकदा नीट तपासावं, कॅसिनोच्या बोटींसकट. कांदोळीला २००० साली रिव्हर प्रिन्सेस वाळूत रुतली ती दहा वर्षांहून जास्त तिथेच बसली होती, तिला काही स्प्रिंगने हलवता आलं नसतं हे मलाही कळतं, पण किनाऱ्याला लागलेली बोट काढणं किती महाग पडतं हे गोव्याला शिकवायला नको.

बनवायचं म्हणाल तर गोव्याबाहेर जायची गरजच नाही. खाण बंद पडल्यापासून, आधी २०१२ ला, मग परत २०१८ ला, झुवारीच्या काठावरच्या कितीतरी वर्कशॉपमध्ये लेथ झाकून ठेवलेत, आणि सळी वाकवून प्लेटेला भोक पाडणारे हात अजून आहेत. स्प्रिंग तेवढी बाहेरून करून आणावी लागेल, कारण तिला उष्णतेची प्रक्रिया नीट लागते. फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं दर वर्षी प्रोजेक्ट शोधत फिरतात, त्यातल्या कुणी दोराच्या मध्ये जोर मोजणारा लोड सेल लावून एकदा साधा दोर आणि एकदा स्प्रिंगसकट अशी बोट बारवरून ओढून आकडे काढले तर माझा हिशेब खरा की खोटा ते पण कळेल. प्रयोग ऑक्टोबरनंतर करा, पोरांना ऑगस्टात बारवर पाठवू नका. दोन नमुने मी मजुरी न घेता करून द्यायला तयार आहे, लोखंड कुणीतरी द्या.

आपला,
एक निवृत्त बार्ज फिटर,
बोरी, फोंडा